भिंतीवरची बारावी कुंडली

परवा तू तुझ्या नव्या कॉम्प्युटरचा फोटो पाठवलास आणि त्याखाली सुट्या भागांची यादी. फोटोतले जांभळे दिवे मला काही समजले नाहीत, पण यादी मी दोनदा वाचली. तुझ्या बहिणीने खाली लिहिलं होतं, "आजीला काय कळणार यातलं?" तेव्हा हे तिच्यासाठी आणि तुझ्यासाठी. तुमची आई शाळेत होती आणि आम्ही सुरतेला राहत होतो, तेव्हाची ही गोष्ट. क्रमाने सांगते, म्हणजे तिकडे बसून वाचताना कुठे अडायला नको.

तुमचे आजोबा कडोदऱ्याच्या एका लूम कारखान्यात मुख्य फिटर होते. आम्ही मूळचे अमरावतीकडचे. मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं होतं आणि पर्वत पाटियाजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. घरात एक टाइपरायटर होता. शाळेचे पेपर मी त्याच्यावरच काढायची, आणि गल्लीत कोणाला इंग्रजीत अर्ज हवा असला की तो माझ्याकडे येई.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं. मालक धुळ्याकडचे. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणायची. रविवारी सकाळी दुकान बंद असे, पण शटर अर्धं वर असे आणि आत दहा-बाराजण जमलेले असत. बँकेतले एक कारकून, कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक सर, कामरेजहून स्कूटरवर येणारे एक छापखानेवाले, असे. त्या सगळ्यांना एकच वेड होतं. तयार कॉम्प्युटर विकत घ्यायचा नाही, सुटे भाग मिळवायचे आणि घरी स्वतः जोडायचा. कोणी मुंबईला निघालं की त्याच्या खिशात सगळ्यांच्या चिठ्ठ्या जात. तो परतला की पुढच्या रविवारी त्याच्या पिशवीतून कोणाची रॅम निघे, कोणाची हार्ड डिस्क, वर्तमानपत्रात आणि रुमालात गुंडाळलेली.

या मंडळींची एक रीत होती. मशीन जोडून झालं की त्याचा एक कागद करायचा. प्रोसेसर कोणता, वेग किती, रॅम किती, हार्ड डिस्क किती, ग्राफिक्स कार्ड, फ्लॉपी, कॅबिनेट, सगळं एकाखाली एक. त्या कागदाला ते कुंडली म्हणत. मालकाने रविवारी कॅबिनेट दुकानात आणायचं आणि सगळ्यांसमोर कुंडली मोठ्याने वाचायची. दुसऱ्या कोणीतरी झाकण उघडून एकेक ओळ आत ताडून बघायची आणि "बराबर" म्हणायचं. मग भाऊंच्या टेबलावरचा मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून मशीन चालू करायचं. चालू झालं की कुंडली भिंतीवर टाचणीने लागे. ती भिंत म्हणजे त्यांची देवळाची भिंतच होती म्हणा ना. नवा माणूस आला की आधी त्याला तिथे नेत आणि प्रत्येक कागदापाशी थांबवत.

झाकण उघडून बघण्याचा नियम आधी नव्हता. बँकेतल्या कारकुनांमुळे तो आला. तेव्हा कॅबिनेटच्या तोंडावर लाल आकडे पेटत, मशीनचा वेग दाखवायला. कारकुनांचा आकडा शंभर होता आणि सगळे महिनाभर त्यांच्याकडे आदराने बघत होते. मग कोणीतरी आत डोकावलं तर प्रोसेसर सहासष्टचाच. तो लाल आकडा आतल्या पिना इकडच्या तिकडे करून आपल्याला हवा तसा लावता येतो, मशीन कितीही हळू असो. कारकून म्हणाले, शंभर दिसायला बरं दिसतं. त्यानंतर वर्षभर त्यांनी काहीही सांगितलं की कोणीतरी विचारायचं, "हे पण लाल आकड्यातलं का?"

आता माझा यात संबंध कुठे आला ते सांगते. कुंडल्या इंग्रजीत असत आणि त्या टाइप मी करून देत असे. भाऊ हाताने लिहिलेला कागद घेऊन यायचे आणि म्हणायचे, "वहिनी, जरा नीट करून द्या." मी काही न समजता टाइप करत नाही, त्यामुळे प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारायची. कॅश म्हणजे काय, ती प्रोसेसरच्या आत असते की बाहेर, छापखानेवाल्यांकडे चार एमबी आणि सरांकडे आठ का. भाऊ कंटाळत नसत. उलट पुढे पुढे ते मलाच विचारू लागले की अमक्याच्या मदरबोर्डावर तमकी रॅम बसेल का, कारण सगळ्यांचे कागद माझ्या डोळ्यांखालून गेलेले होते. अकरा कुंडल्या भिंतीवर लागल्या. अकराही माझ्या हातच्या. समास एकसारखे, ओळी सरळ, स्पेलिंग निर्दोष. आणि एका रविवारी ढोकळ्याची ताटली ठेवायला आत गेले असताना मी त्या भिंतीकडे बघत उभी राहिले आणि मला वाटलं, माझी कुठे आहे?

घरी येऊन तुमच्या आजोबांना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "शाळेचे पेपर काढायला टाइपरायटर आहे ना." मी म्हटलं, पेपरासाठी नाही, मला भिंतीवर कुंडली लावायची आहे. त्यांनी घास संपवला. मग म्हणाले, "स्क्रू ड्रायव्हर माझे वापर, भाऊचे नको. त्याच्या पात्यांना धार राहिलेली नाही." एवढंच. तीच संमती.

रविवारच्या मंडळींना मात्र ते एवढं सोपं गेलं नाही. त्यांच्यात एक जरीचे व्यापारी होते, सुरतचेच, गुजराती. त्यांना सगळे शेठ म्हणत. त्यांचं मशीन सगळ्यांत वेगवान होतं आणि त्यांची कुंडली भिंतीवर सगळ्यांत वर. मी माझी भागांची चिठ्ठी दिली तेव्हा त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "बेन, टाइप करवुं एक वात छे, मशीन बनाववुं बीजी वात." टाइप करणं वेगळं, मशीन बनवणं वेगळं.

सगळे हसले. भाऊ हसले नाहीत, पण मधेही पडले नाहीत. उलट त्यांनी मला दुकानाचे नियम ऐकवले, जणू मला ते ठाऊकच नव्हते. मशीन मालकाने स्वतः जोडलेलं हवं. कुंडलीच्या दिवशी जोडणीत दुसऱ्याचा हात किंवा सल्ला आला तर ती कुंडली त्या दुसऱ्याच्या नावाची. आणि चालू करायला मुदत, म्हणजे मंडळींचा दुसरा चहा संपेपर्यंत. शेवटचा कप खाली ठेवला गेला की संपलं. मग बाकी सगळ्यांच्या पाळ्या झाल्यावर पुन्हा. त्यात सहा-सात महिनेसुद्धा जात. सरांचे गेले होते.

भाग जमायला पावसाळा आणि दिवाळी गेली. जमतील तसे मी ते वहीत लिहून ठेवत होते. शेवटी सगळं आलं तेव्हा एका शुक्रवारी मी आणि तुमचे आजोबा जेवणाच्या टेबलाशी बसलो. जोडलं मी, ते समोर बसून बघत होते आणि हवा तो स्क्रू ड्रायव्हर हातात देत होते, डॉक्टरांना नर्स देते तसा. कॅबिनेटच्या आधी सगळं टेबलावर उघड्यावरच जोडून बघितलं, कारण भाऊंनीच तसं शिकवलं होतं. वीजपुरवठ्याच्या दोन पट्ट्या बोर्डाला लावताना काळ्या वायरी मधे एकमेकींजवळ यायला हव्यात, नाहीतर बोर्ड जळतो. त्या मी चारदा तपासल्या. कारकुनांनी दोन दिवसांसाठी त्यांचा मॉनिटर दिला होता. बटण दाबलं, एक बारीक शिट्टी वाजली आणि पडद्यावर पांढरे आकडे पळायला लागले. तुमची आई अभ्यास सोडून बघायला आली.

शनिवारी दुपारी मॉनिटर परत गेला आणि संध्याकाळी आम्ही बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवायला घेतला.

इथे चूक झाली, आणि ती आमच्याच घरात होऊ शकत होती. कॅबिनेटच्या आत एक पत्रा असतो. त्याच्यावर पितळेचे छोटे खुंट पिळून बसवायचे आणि त्या खुंटांवर बोर्ड ठेवून स्क्रू मारायचे, म्हणजे बोर्ड पत्र्याला न टेकता वर राहतो. बोर्डाला भोकं होती सहा. पत्र्याला मात्र खूप होती. खुंटांच्या पुडीत अकरा खुंट होते. सहा बसवले आणि पाच उरले. मला उरलेली वस्तू आवडत नाही. पुडीत अकरा दिले आहेत त्याअर्थी अकरा लागत असणार, असं माझं मत. तुमच्या आजोबांचं मत आणखी पक्कं. लूमला एक जरी नट कमी पडला तरी ती नाचते आणि नाचली की तुटते. अठरा वर्षं ते हेच करत आले होते. रिकामं भोक म्हणजे कोणीतरी केलेला आळस. ते म्हणाले, "बोर्ड मधे लवतो आहे, बघ. खाली आधार दे." पत्र्यावर बोर्डाखाली येणारी आणखी पाच भोकं सापडली. पाची खुंट बसले. बोर्ड दगडासारखा पक्का झाला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे समाधानाने बघितलं. मॉनिटर नव्हता म्हणून चालू करून बघितलं नाही. पंखा तरी फिरतो का हे बघायला मॉनिटर लागत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या समारंभाची साडी नेसले. आजोबांनी कॅबिनेट उचललं. दुकानात सगळे आलेले होते, जागा नव्हती म्हणून छापखानेवाले जुन्या टीव्हीच्या खोक्यावर बसले होते. पहिला चहा झाला. मी कुंडली वाचायला उभी राहिले आणि शेठ म्हणाले, वाचायचं नंतर, बाईंच्या वाचण्यात काही खोट निघणार नाही, आधी चालू तर होऊ दे. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या बाबतीत क्रम बदलला गेला हे मला खटकलं, पण मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि वायर लावली.

बटण दाबलं. पंखा एकदा दचकल्यासारखा हलला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

भाऊंनी दुसरा चहा सांगून ठेवलेला होता, तो तेवढ्यात आला. कप वाटले गेले. मी काळ्या वायरी बघितल्या, बरोबर होत्या. रॅम काढून पुन्हा बसवली. कार्ड काढून पुन्हा बसवलं. पंखा दचकायचा आणि थांबायचा. आजूबाजूला चहा पिण्याचे आवाज. तुमच्या आजोबांना माझी बाजू घ्यावीशी वाटली असणार. ते भाऊंना म्हणाले, "जोडणीत कसर नाही. एक भोक रिकामं ठेवलेलं नाही."

भाऊ एकदम आजोबांकडे बघायला लागले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून सरळ शटरकडे केली. त्यांना कळलं होतं. सरांनाही कळलं असावं, कारण ते खोकले. पण नियम त्यांचाच होता, आणि मला कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं हेही खरं.

मी हात बाजूला घेतले आणि पोरींचा निबंध तपासते तसा विचार केला. शुक्रवारी हेच भाग होते आणि मशीन चाललं. आज हेच भाग आहेत आणि चालत नाही. मग शुक्रवारी नव्हतं असं आज काय आहे? एकच गोष्ट. कॅबिनेट.

मी स्क्रू काढायला लागले. तेव्हा पहिला कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरा. सहा स्क्रू, दोन पट्ट्या, कार्ड, हार्ड डिस्कच्या वायरी. बोर्ड उचलून भाऊंच्या लाकडी टेबलावर ठेवला, पुन्हा सगळं जोडलं आणि वीज दिली. पंखा गरगर फिरला आणि आकडे पळाले.

"चालू झालं," छापखानेवाले म्हणाले.

"कॅबिनेटमध्ये व्हायला हवं," कारकून म्हणाले. त्यांनी नियमावर बोट ठेवावं याचा मला त्याही अवस्थेत राग आला.

मी बोर्ड उलटा करून बघितला. खालून, स्क्रूच्या भोकांच्या कडा सोडल्या तर, सगळीकडे चांदीच्या ठिपक्यांसारखी डाखाची टोकं असतात. मधल्या भागात पाच ठिकाणी गोल ओरखडे उठले होते, खुंटाच्या मापाचे. पितळेतून वीज जाते हे मी सातवीला विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या तेव्हा शिकवलेलं होतं. मी पत्र्याकडे बघितलं. अकरा खुंट, रांगेत, किती नीटनेटके. बोर्डाला पक्का आधार मिळावा म्हणून आम्ही त्याच्या पोटात पाच जागी वीज टोचली होती.

मी पाच खुंट काढले आणि आजोबांच्या हातात ठेवले. ते त्यांच्याकडे बघत राहिले. "पण भोकं रिकामी राहतील," ते हळूच म्हणाले.

"राहू द्या," मी म्हणाले.

पुन्हा बोर्ड, सहा स्क्रू, पट्ट्या, कार्ड, वायरी. घाई केली नाही. घाईत स्क्रू हातातून सुटून बोर्डावर पडला तर सगळंच संपलं असतं. मधे एकदा मान वर केली तर सगळे कप टेबलाच्या कडेला रिकामे होते. मला वाटलं मुदत गेली. मग दिसलं की एक कप अजून हातात आहे. शेठ तो दोन्ही हातांनी धरून बसले होते. चहाचा घोटभर उरला होता आणि त्याच्यावर साय धरली होती. कारकून त्यांना म्हणाले, शेठ, प्या की आता. शेठ शांतपणे म्हणाले, "हुं धीमे पीउं छुं." मी हळू पितो. त्यांच्याइतक्या घाईने चहा पिणारा माणूस त्या दुकानात दुसरा नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी शेवटची वायर लावली आणि बटण दाबलं. पंखा फिरला, फिरतच राहिला. एक शिट्टी. पांढरे आकडे वर चढत आठ एमबीपर्यंत गेले, हार्ड डिस्क कुरकुरली आणि पडद्यावर सी अक्षर, तिरकी रेघ, बाण आणि त्याच्या शेजारी लुकलुकणारी छोटी रेघ उभी राहिली, म्हणजे मशीन हुकूम घ्यायला तयार. शेठनी तो गार चहा एका घोटात संपवला आणि तोंड वाकडं केलं. भाऊ अहिराणीतच बोलले, त्यांना आनंद झाला की तसंच व्हायचं. "वहिनी, तुमनं मशीन भारी शे."

मग मी कुंडली वाचली. नियमाप्रमाणे आत ताडून बघायला दुसरा कोणीतरी हवा होता, तेव्हा शेठ स्वतः उठले. धोतराचा सोगा सावरत ते कॅबिनेटपाशी वाकले. मी एकेक ओळ वाचत गेले आणि ते आत बोट घालून ताडत गेले.

"प्रोसेसर, चारशे शहाऐंशी, डीएक्स टू, सहासष्ट मेगाहर्ट्झ."

"बराबर."

"रॅम, आठ एमबी, चारच्या दोन."

"बे पट्टी छे. बराबर."

हार्ड डिस्क पाचशे चाळीस एमबी, बराबर. ग्राफिक्स कार्ड एक एमबी, बराबर. फ्लॉपी साडेतीन इंची, बराबर. कॅबिनेटवरचा लाल आकडा सहासष्ट, आणि इथे सगळ्यांनी कारकुनांकडे बघितलं. शेवटची ओळ होती, जोडणी कोणाची. अकरा वेळा मी तिथे दुसऱ्यांची नावं टाइप केली होती. या वेळी माझं स्वतःचं नाव वाचताना आवाज थोडा बारीक झाला, म्हणून मी ती ओळ पुन्हा एकदा नीट वाचली. शेठनी आत बघायची गरज नव्हती, पण ते पुन्हा वाकले, सहा स्क्रू एकेक करून बघितले आणि सरळ उभे राहून म्हणाले, "एकदम बराबर."

भिंतीवर जागा खालच्या रांगेत होती. शेठ म्हणाले, तिथे नको, वाचायला वाकावं लागेल. त्यांनी स्वतःच्या कुंडलीची टाचणी काढली, ती हातभर डावीकडे सरकवली आणि शेजारी माझी लावायला लावली. त्यांच्यापेक्षा माझं मशीन निम्म्याहून हळू होतं. पण कागद दोन्ही एका उंचीवर आले.

परत जाताना पायी जायचंच अंतर होतं, पण तुमच्या आजोबांनी रिक्षा थांबवली. कॅबिनेट त्यांच्या मांडीवर, मी शेजारी. रस्त्यात साड्यांच्या गाठोड्यांनी भरलेला टेम्पो आडवा लागला होता म्हणून रिक्षा थांबली, तेव्हा रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, हे काय आहे, टीव्ही का? आजोबांना तेवढंच हवं होतं. ते सुरू झाले. चारशे शहाऐंशी, डीएक्स टू, सहासष्ट मेगाहर्ट्झ, रॅम आठ एमबी, हार्ड डिस्क चारशे पन्नास.

"पाचशे चाळीस," मी म्हणाले.

"पाचशे चाळीस," आजोबा त्याला म्हणाले. "हिने जोडलंय. मी फक्त मधे लुडबुड केली."

रिक्षावाल्याने आरसा फिरवून मला नीट बघून घेतलं. टेम्पो हलला, पण तो लगेच निघाला नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी त्याने आधी विचारून घेतलं, "बेन, आठ एमबी एटले केटलुं?" आठ एमबी म्हणजे किती? घर येईपर्यंत मी त्याला ते समजावून सांगत होते, आणि आमच्या दारात रिक्षा थांबल्यावरही अजून अर्धं सांगायचं राहिलं होतं.